संगणकातली धूळ आणि आपले हात

शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस होते. लालबागच्या एका जुन्या चाळीतील आमच्या अभ्यासिकेत रोज संध्याकाळी मुला-मुलींची रांग लागत होती. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बँकेचे पासबुक अशी सगळी कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोरे येत. अभ्यासिकेत संगणक एकच. एका कार्यालयाने नवे संगणक घेतले, तेव्हा त्यांचा जुना आम्हाला मिळाला होता. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांशेजारी टेबलावर तो आम्ही मोठ्या मानाने मांडला, त्यावर नक्षीचे कापड घातले आणि भिंतीवर पाटी लावली, ‘परवानगीशिवाय हात लावू नये.’

आणि नेमक्या त्याच दिवसांत संगणक दगा देऊ लागला. अर्ज अर्धा भरून होई आणि पडदा काळा पडे. पुन्हा सुरू केला की दहा मिनिटे चाले, मग पाच मिनिटे. आतून जात्यासारखी घरघर येई. दुरुस्ती करणारा आला. त्याने पेटी न उघडताच निदान केले, “मदरबोर्ड गेला. साडेसात हजार लागतील. नाहीतर भंगारात द्या.”

साडेसात हजार रुपये कोठून आणायचे? वर्गणी काढायला वेळ नव्हता. अर्जाची मुदत चार दिवसांवर आली होती. बाहेर दुकानात जाऊन अर्ज भरायचा तर त्याचे वेगळे पैसे. धुणीभांडी करून लेकरांना शिकवणाऱ्या आमच्या भगिनींनी तेही कोठून द्यायचे?

तेवढ्यात बारावीला विज्ञान शाखेत शिकणारी एक मुलगी पुढे आली. “काका, मी उघडून बघू का?”

मी सवयीने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केले. ती म्हणाली, “काका, भंगारातच द्यायचा आहे ना? मग उघडून अजून काय बिघडणार?”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिने वायर काढली, मागचे दोन स्क्रू फिरवले आणि पेटीची बाजू सरकवली. आत पाहतो तो काय! राखाडी रंगाची गोधडी पांघरून संगणक झोपला होता. पंख्याची पाती धुळीने जाड झाली होती आणि त्याखालच्या धातूच्या पट्ट्यांमध्ये धूळ अशी गच्च बसली होती की वारा जायला सुईएवढी वाट नव्हती. जयंतीचे फलक रंगवायला आणलेला एक कोरा ब्रश कपाटात होता. तेवढ्यावर तिने अर्ध्या तासात काम केले. पेटी बंद करून बटण दाबले. घरघर थांबली होती. रात्री साडेदहापर्यंत आम्ही अर्ज भरत बसलो आणि संगणक एकदाही बंद पडला नाही. मदरबोर्ड ठणठणीत होता!

त्या रात्री ती पाटी मी स्वतःच्या हाताने उतरवली. ती का उतरवली, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

लालबागची धूळ

धूळ सगळीकडेच असते. पण लालबागच्या धुळीची बातच निराळी. खाली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर वाहनांची रात्रंदिवस रहदारी. वर २०११ साली सुरू झालेला उड्डाणपूल. त्यावरच्या गाड्यांचा धूर थेट चाळींच्या खिडक्यांत येतो. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. त्यांच्या सिमेंटची पांढरी पूड गॅलरीतल्या तुळयांवर बसते. उन्हाळ्यात मसाल्याचा हंगाम. डंकांवर मिरची-धणे कुटले जाऊ लागले की नाक्यावरून जाणाऱ्यालाही ठसका लागतो. ती बारीक पूडही वाऱ्याबरोबर घरात येते.

त्यात मुंबईची हवा दमट आणि खारट. कोरडी धूळ फुंकरीने उडते. पण ओलावा धरलेली धूळ चिखलासारखी चिकटते आणि पावसाळ्यात तिच्यातून वीज भलत्याच वाटेने जाण्याचा धोका असतो. तारांची टोके गंजतात ती वेगळीच.

आणि एक गोष्ट आपल्या विहारांची व घरांची. आपण वंदनेच्या वेळी मेणबत्ती आणि अगरबत्ती लावतो. त्यांच्या धुरात काजळी आणि तेलकट अंश असतो. तो पंख्याच्या पात्यांवर बसला की त्यावर येणारी धूळ डिंकावर चिकटावी तशी चिकटते. आम्ही आदरापोटी संगणक प्रतिमांच्या शेजारी ठेवला होता. खरे तर तीच जागा त्याला सगळ्यांत वाईट होती! वर घातलेल्या नक्षीच्या कापडाने त्याचा उरलासुरला श्वासही कोंडला. आदर चुकीच्या पद्धतीने दाखवला तर तो घात करतो, हे आम्हाला एका यंत्राने शिकवले.

धूळ यंत्राला कशी मारते?

संगणकाच्या पेटीत एक मुख्य चिप असते. तिलाच प्रोसेसर म्हणतात. सारे काम ती करते आणि काम करताना तापते. तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा बसवलेला असतो. चिपची उष्णता त्या पट्ट्यांत जाते, पंखा त्यांवर वारा घालतो आणि गरम हवा मागून बाहेर पडते. एवढी साधी ही रचना आहे.

पण पंखा जी हवा आत ओढतो, तिच्याबरोबर धूळही येते. ती पट्ट्यांच्या फटींत अडकते, थर साचतो, वारा अडतो. धुळीचा थर हा घोंगडीसारखा असतो; उष्णता बाहेर जाऊ देत नाही. मग पंखा अधिक जोराने फिरतो. तीच ती घरघर. तरीही चिप तापत राहिली तर ती स्वतःहून आपला वेग कमी करते. आपण म्हणतो, “संगणक म्हातारा झाला, हळू चालतो.” त्याउपर, उष्णता साधारण शंभर अंश सेल्सिअसच्या घरात गेली की यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते. म्हणजे आमचा संगणक मरत नव्हता. तो जीव वाचवण्यासाठी हाका मारत होता, आणि त्या हाका ऐकण्याचे ज्ञान आमच्याजवळ नव्हते.

अज्ञानाची किंमत साडेसात हजार रुपये होती. ज्ञानाची किंमत एका ब्रशाएवढी होती. शिक्षणाला बाबासाहेबांनी इतके महत्त्व का दिले, हे अशा लहान प्रसंगांतूनही उमगते.

धुळीचा जुना हिशेब

लालबाग-परळच्या माणसाला यंत्र आणि धूळ यांचे नाते कोणी शिकवायला नको. आपल्या आजोबा-पणजोबांनी ती धूळ छातीत साठवली आहे. गिरणीत कापसाच्या गाठी फोडण्याच्या आणि पिंजण्याच्या खात्यांत हवेत सतत कापसाचे तंतू उडत. ते वर्षानुवर्षे श्वासाबरोबर आत गेले की छाती आवळते, दम लागतो. सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेले की हा त्रास जास्त होई. या रोगाला बिसिनोसिस म्हणतात आणि १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टातील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत त्याचे नाव होते. गिरण्यांत यंत्रे स्वच्छ ठेवली जात, कारण यंत्र बंद पडले तर मालकाचे नुकसान. कामगाराची छाती कोण झाडणार?

पण याच गिरण्यांत आपल्या माणसांना आणखी एक अपमान सोसावा लागला. कापड विणण्याच्या खात्यात मजुरी चांगली होती. तेथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातील कांडीचा धागा संपला की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागले तर सवर्ण कामगार बाटणार! म्हणून आपली माणसे प्रामुख्याने कमी मजुरीच्या रिंग खात्यात राहिली.

वाचकहो, थोडा विचार करा. तोंडाने धागा ओढण्याची ही रीत परदेशातील गिरण्यांतही होती. तेथे तिला विरोध झाला तो रोग पसरतो म्हणून. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ सालीच त्यावर कायद्याने बंदी घातली. आपल्याकडे तोच धोटा शिवाशिवीचा प्रश्न झाला. यंत्र आले, वाफ आली, वीज आली. पण यंत्राला हात कोणी लावायचा, हे जात ठरवत होती.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने चाललेला मोठा संप झाला. विणकाम खाते अस्पृश्य कामगारांना खुले झालेच पाहिजे, हा मुद्दा त्या वेळी बाबासाहेबांनी धसाला लावला. ही मागणी घेतली नाही तर आपल्या लोकांना संपापासून दूर राहायला सांगू, अशी ठाम भूमिका त्यांनी घेतली, तेव्हा कोठे संपाच्या पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मान्य केली. गिरणीमालकांनी मात्र हा अन्याय आमचा नाही, कामगारांचाच आहे, असे म्हणून हात झटकले. बाबासाहेब त्या काळी परळच्या बी. आय. टी. चाळीत राहत होते. गिरणी कामगारांचे जगणे ते रोज डोळ्यांनी पाहत होते. यंत्राला हात लावण्याचा हक्क म्हणजे भाकरीचा हक्क आणि माणुसकीचा हक्क, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

पुढे १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतर मिळणारी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. आज ज्या शिष्यवृत्तीचे अर्ज आपली मुले संगणकावर भरतात, तिची मुळे अशी तेथे आहेत. आणि तो अर्ज धुळीमुळे अर्धा राहावा, त्या संगणकावर आपणच ‘हात लावू नये’ अशी पाटी लावावी! ज्या समाजाला पाण्याला हात लावू दिला नाही, धोट्याला हात लावू दिला नाही, त्या समाजाने आपल्याच लेकरांना यंत्रापासून दूर ठेवावे, याहून मोठा विरोधाभास कोणता?

तथागतांनी सांगितलेली सफाई

साफसफाई ही क्षुल्लक गोष्ट आहे, असे तथागतांनी कधी मानले नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूंनी आपली निवासाची खोली कशी साफ करावी, याचे बारकाईने नियम आहेत. आधी आतले सामान बाहेर काढावे. पलंग नेताना तो दाराला किंवा खांबाला आपटू नये. जमिनीवरचे अंथरूण कसे घातले होते ते आधी नीट पाहून ठेवावे आणि मगच उचलावे. जाळी-जळमटे असतील तर पहिल्यांदा छताची काढावीत. रंगवलेल्या भिंतीवर डाग असतील तर फडके ओले करून, पिळून, मग पुसावे. अंथरूण-पांघरूण भिक्खूंच्या जवळ, निवासाजवळ किंवा पिण्याच्या पाण्याजवळ झटकू नये. वाऱ्याच्या दिशेला, म्हणजे धूळ कोणाच्या अंगावर येणार नाही अशा बाजूला झटकावे. आणि सारे सामान पुन्हा होते तसे ठेवावे.

अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे नियम वाचून मी थक्क झालो. संगणक साफ करणाऱ्याला आज यापेक्षा वेगळे काय सांगायचे? आधी पाहून ठेवा, मग काढा. वरून खाली या. फडके पिळून वापरा. दुसऱ्याच्या नाकात धूळ घालू नका. होते तसे ठेवा.

चूळपन्थक स्थविरांची कथा तर आपल्या लहान मुलांनाही ठाऊक असावी. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून थोरल्या भावाने त्यांना संघातून निघून जायला सांगितले. तथागतांनी त्यांना दूर लोटले नाही. त्यांनी हातात एक स्वच्छ वस्त्र दिले आणि धूळ दूर करण्याचा शब्द मनात घोळवत ते चोळत राहायला सांगितले. चोळता चोळता शुभ्र वस्त्र मळले. ते पाहून चूळपन्थकांना अनित्यता उमगली आणि ज्यांना मंदबुद्धी म्हटले होते ते अर्हत झाले. ज्या मुलाला पाठांतर जमत नाही, त्याच्या हाताला काम द्या. हातातून त्याची बुद्धी जागी होईल, असाही एक अर्थ मी या कथेतून घेतो. आमच्या अभ्यासिकेत तो अनुभव येत आहे.

साफसफाई कशी करावी?

आता प्रत्यक्ष कृती. घरातील टेबलावरचा संगणक दर तीन-चार महिन्यांनी साफ करावा. पावसाळा सुरू होण्याआधी आणि संपल्यावर तर जरूर करावा.

१. संगणक नीट बंद करा. नुसते बटण बंद करून भागत नाही. वायर सॉकेटमधून काढा. नंतर संगणकाचे सुरू करण्याचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल.

२. मागच्या वायरी काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या. मोबाइल नसेल तर कागदावर आकृती काढा. कोणती वायर कोठे होती, हे विसरणे हीच नवशिक्याची पहिली अडचण.

३. पेटी गॅलरीत किंवा गच्चीवर न्या. वारा आपल्या पाठीकडून असू द्या. खाली जुने वर्तमानपत्र अंथरा. नाका-तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधा. दमेकरी माणसाने व लहान मुलांनी लांब राहावे. शेजाऱ्यांचे कपडे वाळत असतील तर आधी सांगा!

४. नायलॉनचे किंवा रेशमी कपडे घालू नका, सुती घाला. आतल्या भागांना हात लावण्यापूर्वी पेटीच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. आपल्या अंगावर साचलेली स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण तेवढ्याने चिप जळू शकते. काम करताना मधूनमधून धातूला हात लावत राहा.

५. मऊ केसांचा, कोरडा, न वापरलेला रंगाचा ब्रश घ्या. वरून सुरुवात करा. पंख्याचे पाते एका बोटाने धरून ठेवा आणि मग ब्रश फिरवा. ब्लोअर असेल तर तो वीतभर लांब धरून हलके झोत मारा. पाते मोकळे सोडून झोत मारला तर पंखा वाऱ्याने गरगर फिरतो आणि त्याचा आस खराब होतो.

६. धातूच्या पट्ट्यांमधली धूळ ब्रशाच्या टोकाने हळूहळू मोकळी करा. पट्ट्यांचा ठोकळा मात्र उचकटू नका. त्याच्याखाली उष्णता वाहून नेणारा लेप असतो. ठोकळा काढला की जुना लेप पुसून नवा लावावा लागतो. ते काम शिकल्यावरच करावे.

७. संगणक सुरूच होत नसेल, नुसता बीप-बीप आवाज येत असेल, तर मेमरीची पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून काढा. तिची सोनेरी टोके स्वच्छ खोडरबराने अगदी हलक्या हाताने पुसा, खोडरबराचा भुगा झटका आणि पट्टी खट् आवाज येईपर्यंत परत बसवा. पुष्कळ वेळा तेवढ्याने काम होते.

८. संगणकाची तारीख-वेळ वारंवार मागे जात असेल तर आतला नाण्यासारखा गोल सेल संपलेला असतो. बहुतेक संगणकांत सी. आर. २०३२ हा तीन व्होल्टचा सेल असतो. तो स्वस्तात मिळतो. चुकीच्या तारखेमुळे सरकारी संकेतस्थळेही उघडत नाहीत, हे लक्षात ठेवा.

९. कीबोर्ड उलटा करून हलकेच थोपटा. बिस्किटांचा चुरा, केस, चिवड्याचे दाणे असे काय काय पडेल ते पाहून घरात हसू पिकेल. मग बटणांच्या मधून ब्रश फिरवा. कीबोर्ड पाण्याने धुऊ नका.

१०. पडद्यासाठी मऊ सुती फडके थोडे ओले करून घट्ट पिळा आणि पडदा बंद असताना वरून खाली पुसा. पडद्यावर थेट पाणी फवारू नका. काचा पुसण्याचे औषध वापरू नका. त्यातील अमोनियाने पडद्याचा मुलामा जातो.

११. सारे पूर्ण कोरडे आहे याची खात्री करा. पेटी लावा, फोटो पाहून वायरी जोडा आणि मगच वीज सुरू करा.

हे मात्र करू नका

तोंडाने फुंकर मारू नका. फुंकरीबरोबर ओलावा जातो. घरातली धूळ ओढणारी मशीन आतल्या भागांना लावू नका. तिच्या प्लॅस्टिकच्या नळीत स्थिर वीज तयार होते. ओले फडके पेटीच्या आत नेऊ नका.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे वीजपुरवठ्याची धातूची डबी, म्हणजे एस. एम. पी. एस., कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि जोराचा धक्का बसू शकतो. तिची जाळी बाहेरून झाडा, एवढे पुरे. तसेच जुना, मागे फुगीर असलेला काचेच्या नळीचा मॉनिटर घरात असेल तर तो उघडणे जिवाशी खेळ आहे. त्यात हजारो व्होल्टचा दाब असतो.

धीट व्हा, पण अंधपणाने नव्हे. कोठे हात घालायचा आणि कोठे नाही, हे जाणणे यालाच प्रज्ञा म्हणतात.

काम झाल्यावर संगणकाची जागाही बदला. भिंतीपासून वीतभर पुढे, जमिनीपासून वर, खिडकीच्या थेट झोतापासून दूर. मेणबत्ती-अगरबत्ती आणि संगणक शेजारी नकोत. चालू असताना त्यावर कापड नको. बंद असताना जरूर घाला. आणि पावसाळ्यात तो आठ-आठ दिवस बंद ठेवू नका. रोज थोडा वेळ चालवला तर आतल्या उष्णतेने ओलावा निघून जातो.

भंगारात देण्यापूर्वी

विंडोज १० या प्रणालीला कंपनीकडून मिळणारी नेहमीची मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. नव्या प्रणालीच्या अटींत न बसणारे कितीतरी चालू संगणक त्यामुळे कार्यालयांतून निघत आहेत. त्यांतील काही आपल्या विहारांना, अभ्यासिकांना मिळू शकतात. असे संगणक धूळ काढून, लिनक्ससारखी मोफत प्रणाली घालून अभ्यासाला आणि अर्ज भरायला वापरता येतात. आपल्या शिकलेल्या तरुणांनी यात लक्ष घालावे.

आणि जे खरोखरच निकामी झाले आहेत ते कोठेही फेकू नका. जुन्या मॉनिटरच्या काचेत आणि जोडकामाच्या डाखात शिसे असते. भंगारात गेलेले हे सामान शेवटी कोण फोडते? तारा जाळून तांबे कोण काढते? गोरगरीब माणसेच, आणि त्यांत आपली माणसे असतात. त्यांच्या छातीत पुन्हा तीच विषारी धूळ जाते. ई-कचऱ्यासाठी सरकारचे नियम आहेत. २०२२ चे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. नोंदणीकृत केंद्राकडेच हा कचरा द्यावा, एवढी खबरदारी आपण घेऊ शकतो.

झाडू कोणाच्या हातात?

शेवटी एक नाजूक गोष्ट. आमच्या अभ्यासिकेत मी सफाईचा विषय काढला, तेव्हा एका तरुणाने मला रोखठोक विचारले, “काका, पिढ्यान्पिढ्या आपल्या हातात झाडूच दिला. आता शिकलो तरी पुन्हा सफाईच करायची का?”

त्याचा राग खरा होता. जन्मावरून ज्यांच्यावर दुसऱ्यांची घाण काढण्याची सक्ती झाली, त्यांच्या वेदनेला शब्द कमी पडतात. हाताने मैला साफ करायला लावणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी गटारात उतरून माणसे मरतातच. त्या गुलामगिरीविरुद्धचा लढा चालूच राहील.

पण मी त्याला म्हणालो, “बाळा, दुसऱ्याची घाण सक्तीने काढणे आणि स्वतःचे हत्यार स्वतः पुसणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिपाई आपली बंदूक साफ करतो, डॉक्टर आपली अवजारे निर्जंतूक करतो, लेखक आपला पेन पुसतो. त्यात कोणाला कमीपणा वाटतो का? सुनीत स्थविर कोमेजलेली फुले झाडणारे होते; तथागतांनी त्यांना संघात घेतले आणि पुढे सारे त्यांच्यापुढे नतमस्तक झाले. सफाई कधीच हीन नव्हती. ती एकाच जातीच्या माथी मारली, हा अधर्म होता.”

तो काही बोलला नाही. पण पुढच्या रविवारी ब्रश घेऊन तोच पहिला हजर होता.

आता आमच्या अभ्यासिकेत पाटी आहे, पण वेगळी. तिच्यावर पाळ्या लिहिल्या आहेत. मुलगे आणि मुली, दोघांचीही नावे आहेत. दर तीन महिन्यांनी एका रविवारी वंदनेनंतर पेटी उघडते आणि मोठी मुले लहानांना आतले भाग दाखवतात. ज्या मुलीने पहिल्यांदा स्क्रू फिरवले, ती आता आजूबाजूच्या चाळींतले बिघडलेले संगणकही पाहायला जाते. “मी उघडून बघू का?” असे ती आता विचारत नाही. “बसा काका, बघते,” म्हणते.

बंधू-भगिनींनो, १४ एप्रिलला आपण घरे रंगवतो, विहार धुतो, निळे ध्वज लावतो. या वेळी त्याबरोबर घरातला, विहारातला, अभ्यासिकेतला संगणकही उघडा. आपल्या मुलीच्या हातात स्क्रू ड्रायव्हर द्या. धोट्याला हात लावण्यासाठी आपल्या पूर्वजांना झगडावे लागले. आज यंत्र आपल्या घरात आहे. त्यावर धूळ बसू देऊ नका, आणि त्याला हात लावण्याची भीती तर मुळीच बसू देऊ नका.

जयभीम! नमो बुद्धाय!